तळघर आणि सरकारी किल्ली

"ज्याच्या मनांत पाप नाहीं त्यानें आपल्या संगणकास कुलूप कशाला घालावें?" हा प्रश्न हल्लीं सुशिक्षित घरांतूनही ऐकूं येतो. विचारणाऱ्यांच्या स्वतःच्या कपाटास कुलूप असतें, ही गोष्ट त्यांच्या ध्यानांत राहत नाहीं. आम्हां भंडाऱ्याकडील मंडळींस तरी याचें उत्तर दूर शोधावयास नको.

13 व्या शतकांतील चक्रधरस्वामींचे शिष्य निळभट्ट भांडारेकर हे याच भंडाऱ्याचे. त्यांच्या महानुभाव पंथानें पुढें आपले ग्रंथ अनधिकाऱ्यांच्या हातीं पडूं नयेत म्हणून सकळ लिपींत बंदिस्त केले. एका अक्षराच्या जागीं दुसरें चिन्ह, एवढीच ती युक्ति; पण 20 व्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाड्यांनीं तिचा उलगडा करीपर्यंत 'लीळाचरित्र' पंथाबाहेरील वाचकांस जवळजवळ अज्ञात राहिलें. आंत काय निघालें? स्वामींच्या आठवणी, संवाद, मराठी गद्याचा पहिला मोठा ठेवा! मात्र त्या लिपींत एक उणीव होती. ती अर्थ झांकी. कांहीं झांकलें आहे हें झांकीत नसे. न वाचतां येणारी पोथी पाहून लोकांनीं वाटेल तें कल्पिलें. 'मानभावी' हा शब्द ढोंगी या अर्थानें आपल्या भाषेंत अद्यापि नांदतो. त्याचें सारें खापर लिपीवर फोडतां येणार नाहीं, पण संशयास खतपाणी तिनेंही घातलेंच असावें.

आजच्या संगणकानें ही उणीव भरून काढली आहे. व्हेराक्रिप्टसारख्या साधनानें कूटपेटी तयार करतांना तिची रिकामी जागा निरर्थक अंकांनीं भरतात, आणि कूटलेखन केलेला मजकूरही तसाच निरर्थक दिसतो. म्हणून त्या जागेंत दुसरी पेटी, वाड्याखालच्या तळघराप्रमाणें, बेमालूम लपवितां येते. एका परवलीच्या शब्दानें वाडा उघडतो, दुसऱ्यानें तळघर. (अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी संगणक अन्यत्र ठेवीत असतो, आणि पुष्कळ शहाणे तेथेंच सांपडतात, हा भाग निराळा.)

आतां कायदा पाहा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000, याच्या कलम 69 प्रमाणें आदेश होऊनही कूट मजकूर उकलण्यास साहाय्य न करणाऱ्यास 7 वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. परंतु ज्याच्या वाड्याखालीं तळघरच नाहीं, त्या बापड्यानें तें नाहीं हें सिद्ध कसें करावें? असल्याची खूण नाहीं, तशी नसल्याचीही नाहीं! घटनेच्या 20 व्या अनुच्छेदानें आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति करण्यास मनाई केली आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तेव्हां किल्ली आहे हें सिद्ध करण्याचा भार ती मागणाऱ्यानेंच उचलला पाहिजे.

गुन्हेगारही तळघर बांधतात, हें खरें. त्यांच्या पैशाचा माग असतो, साक्षीदार असतात, टेलिफोनच्या नोंदी असतात. त्या शोधण्याचे श्रम पोलिसांनीं करावे.