बिचारा कोण?

शनिवारी अलिबागला मित्राच्या कुत्र्याबरोबर लाल बॉल खेळत होतो. बॉल गवतात पडला की स्वारी नाक लावून शोधत बसायची. निळा दिला, लगेच सापडला. कुत्र्याच्या डोळ्यात शंकुपेशी दोनच प्रकारच्या, लाल-हिरव्यातला फरक फारसा कळतच नाही.

मित्राने मोबाईलवर 'कुत्र्याच्या नजरेचा' फिल्टर लावला. म्हणाला, "बिचारा!" इथे माझी सटकली. अरे, मधमाशीला अतिनील दिसतं, ते कुठला फिल्टर आपल्याला दाखवणार? तिच्या हिशोबाने आपणच बिचारे!

याच 'बिचारा'पायी पुण्याच्या एफटीआयआयने रंगांधळ्यांना कित्येक अभ्यासक्रमांची दारं बंद ठेवली होती. एडिटिंगसाठी निवडलेल्या मुलालाही नाकारलं. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळे अभ्यासक्रम खुले करायला लावले.

आणि आपण आयटीवाले? पास हिरवा ठिपका, फेल लाल ठिपका. मीही तेच केलंय. टीममधला एकजण रोज विचारायचा, "बिल्ड गेलं का रे?" मला वाटायचं, आळशी आहे लेकाचा. फिल्टर लावायचाच तर आपल्या स्क्रीनला लावून बघा. मी लावला, दोन्ही ठिपके एकाच मातकट रंगाचे. आता ठिपक्यांच्या जागी बरोबर आणि फुली आहे. काम दहा मिनिटांचं होतं, राव.