पाया पडणारा समाज पाय पाहत नाही

पायाला आपण केवढा मान देतो! संतांच्या पादुका पालखीत बसवतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, पुढारी गाडीतून उतरला की त्याच्या पायाशी वाकणाऱ्यांची रांग लागते. पण ज्या पायाकडे कोणीतरी खरोखर वाकून पाहायला हवे, त्याच्यासमोर आपली कंबर ताठ राहते. तो पाय आहे बधिर झालेला, भेगाळलेला, अंगठ्याखाली जखम घेऊन आठवडी बाजाराला चालत निघालेला. वर्धा जिल्ह्यात तो अनोळखी नाही. तो आपण पाहिला आहे आणि पाहून नजर फिरवली आहे. हा लेख त्या फिरवलेल्या नजरेविषयी आहे.

कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा होते आणि तळपायाची संवेदना जाते. ज्याला दुखते तो वाचतो, हा शरीराचा साधा नियम आहे. तुमची-माझी चप्पल चावू लागली की चार पावलांत आपण लंगडतो, थांबतो, ती काढून हातात घेतो. बधिर पायाचा माणूस मात्र थांबत नाही, कारण त्याला काही कळतच नाही. तीच चप्पल घालून तो दिवसभर चालतो. संध्याकाळी फोड दिसतो, पुढे जखम होते, जखमेत पू होतो आणि एक दिवस हाड उघडे पडते. रोगाचे जंतू औषधाने केव्हाच मेलेले असतात. पाय जातो तो त्यानंतर, घट्ट पट्ट्याने, चपलेतल्या खिळ्याने, तापलेल्या फरशीने. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीपासून हेच दाखवून दिले की बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. बधिर अवयवाला रोज होणारी, कोणाच्या लक्षात न येणारी इजा त्यांना खाते. याचा सरळ अर्थ असा की त्यातली बरीच हानी टाळता येते, आणि टाळता येण्यासारखी हानी जेव्हा होऊ दिली जाते तेव्हा तिला नशीब म्हणण्याचा अधिकार समाजाला राहत नाही.

या हानीच्या मुळाशी पुष्कळदा एक अगदी साधे माप असते, पायाच्या रुंदीचे. दुकानात गेलात तर विचारतात, "नंबर किती?" हा नंबर लांबीचा. चवडा किती रुंद आहे, हे कोणी विचारत नाही. चप्पल चवड्यावर आवळली तर दुकानदार सांगतो, "एक नंबर मोठा घ्या." मोठ्या नंबरात रुंदी थोडी मिळते, पण लांबी फाजील वाढते. पाय पुढे-मागे सरकतो, टाच घासते, बोटे चप्पल धरून ठेवण्यासाठी आखडतात. धडधाकट पायाला त्यातून घट्टे पडतात, बधिर पायाला त्यातून जखमा होतात.

हा दोष एका दुकानदाराचा नाही. आपल्या देशात जोड्यांचे माप आजवर इंग्रजी आणि युरोपीय नंबरांवर चालले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021 ते 2022 या काळात देशभरातल्या 79 ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा निष्कर्ष आला की भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात. त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षे आपण परक्या साच्यात आपला चवडा कोंबत राहिलो आणि साच्याला जाब विचारण्याऐवजी पायालाच बेढब म्हणत राहिलो.

जगात रुंदीची काळजी कोणी घेत नाही असे मात्र नाही. बर्फावरून फळीवर उभे राहून घसरण्याचा एक खेळ आहे, स्नोबोर्ड. गुलमर्ग आणि औलीच्या उतारांवर आता आपलीही मुले तो शिकू लागली आहेत. फळी एका कडेवर कलती करून बर्फात वळणे कोरत उतरायचे, हे त्यातले कसब. त्यासाठी फळी निवडताना जाणकार नुसती उंची आणि वजन पाहून थांबत नाहीत. आधी पाय सेंटिमीटरमध्ये मोजतात, मग फळीची कमरेतली रुंदी मिलिमीटरमध्ये पाहतात. साधारण 250 मिलिमीटरची फळी नेहमीच्या पायाला पुरते, मोठ्या पायाला 260 किंवा त्याहून रुंद लागते. फळी अरुंद असली तर ती कलताच बुटाचे टोक किंवा टाच बर्फाला घासते, कड सुटते आणि माणूस फेकला जातो. गरजेपेक्षा रुंद असली तर ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर लवकर वळत नाही, तिला वळवता वळवता पाय थकतात. म्हणून तिथे दहा-वीस मिलिमीटरवर तासन् तास चर्चा होते, आणि ती योग्यच आहे. खेळणाऱ्याचा जीव मोलाचा आहे.

पण मग वायगावच्या किंवा सेलूच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईचा पाय कमी मोलाचा कसा? खेळासाठी मिलिमीटर मोजण्याचे ज्ञान जगात आहे आणि पोट भरण्यासाठी चालणाऱ्या पायाला आपण "हाच नंबर आहे, घ्यायचा तर घ्या" म्हणून परत पाठवतो. ज्ञानाची उणीव इथे कुठेच नाही. कोणाचा पाय मोजण्याच्या लायकीचा, हे समाजाने आधीच ठरवून टाकले आहे. अन्याय आहे तो इथे.

वर्ध्याने असे ठरवावे, ही विशेष लाजिरवाणी गोष्ट आहे, कारण पायाची काळजी या मातीत फार मोठ्या माणसांनी घेतली. गांधीजी दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर चपला शिवायला शिकले आणि 1914 साली तो देश सोडताना ज्यांनी त्यांना तुरुंगात टाकले त्या जनरल स्मट्सना त्यांनी आपल्या हातची चपलांची जोडी भेट दिली. पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचे चर्मालय चालवले. ज्या कामाला हात लावला की माणूस बाटतो असे मानले जाई, त्या कामात शिकलेल्या माणसांनी कोपरापर्यंत हात बुडवले. 1936 साली विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूरला महारोगी सेवा समितीचे काम सुरू केले. सेवाग्रामात संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन आले तेव्हा आश्रमाने त्यांना आत घेतले आणि गांधीजींनी स्वतः त्यांच्या जखमा धुतल्या, अंगाला मालिश केली. 1951 साली गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण संस्थेचे मुख्यालय इथेच झाले. पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार ही तिने घालून दिलेली पद्धत देशाने उचलली. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधोपचार देशात आला तेव्हा तो ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाला, त्यांत वर्धा होता.

असा वारसा मिरवायचा असेल तर त्याची किंमतही द्यावी लागते. पाहुण्यांना बापूकुटी दाखवून ती फिटत नाही.

बधिर पायाची चप्पल कशी होते, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. माणसाला कागदावर उभे करतात, बसवून माप घेत नाहीत, कारण अंगाचा भार आल्यावर चवडा पसरतो आणि खरी रुंदी तेव्हाच कळते. पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ काढतात. पेन्सिल आत कलली की माप अरुंद होते आणि त्या चुकीची किंमत पाय भरतो. दोन्ही पाय वेगवेगळे काढतात, कारण एकाची बोटे वाकलेली, दुसऱ्याची गेलेली असतात. जखमेच्या जुन्या जागांवर खूण करतात. वरच्या थराला सूक्ष्म छिद्रांचे मऊ रबर घेतात, कामगार ज्याला एमसीआर म्हणतात ते. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून ते दाबून पाहतात: निम्म्यापर्यंत दबले पाहिजे आणि सोडताच परत फुगले पाहिजे. खाली काटा आरपार जाणार नाही असा कठीण तळ. पट्टे सैल-घट्ट करता येतील असे रुंद, मागे टाच धरणारा पट्टा. सगळे शिवून आणि चिकटवून करायचे, खिळा एकही नाही. ज्याला टोचल्याचे कळत नाही त्याच्या चपलेत खिळा ठोकणे म्हणजे त्याच्या पायातच ठोकणे.

हे काम जाणणारा माणूस कोण? आपल्या गावचा चांभार. पिढ्यान्‌पिढ्या पायाला हात लावून, बोटांनी चवडा चाचपून जोडा बेतणारा कारागीर. त्याचे आपण काय केले? त्याच्या हातचा जोडा घातला आणि त्याला उंबऱ्याबाहेर ठेवले. "पायीची वहाण पायी बरी" ही म्हण आपण माणसांना लावली. त्याच्या मुलाने शाळेत जाऊन धंदा सोडला तर त्यात त्याचा काय दोष? ज्या विद्येला समाजाने अपमानाशिवाय काही दिले नाही, ती विद्या त्याने का जपावी? आज पाय मोजणारे हात गावात उरले नाहीत म्हणून आपण हळहळतो, पण ते हात आपणच झिडकारले. 1928 साली जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले केले. देवळाचे दार उघडले, कारागिराच्या मोलाचे दार मात्र आपण अजून पुरते उघडलेले नाही.

कारागिराला झिडकारले, हा पहिला आरोप. दुसरा आरोप याहून जड आहे. सरकारी योजनेतून बधिर पायाच्या रुग्णांना एमसीआर चपला मोफत मिळतात. तरी अनेक जण त्या घालत नाहीत. का? कारण ती चप्पल दिसली की शेजारी ओळखतात. लग्नाच्या मांडवात ती दारात दिसली की पोरीच्या सोयरिकीवर सावट येते. म्हणून माणूस पाय वाचवणारी चप्पल घरी ठेवून पातळ रबरी चप्पल घालून निघतो, आणि देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालतो. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. त्या फरशीने पाय भाजतो तेव्हा भाजणारा हात आपला असतो. आपल्या नजरेने त्याची चप्पल काढायला लावली. 2019 सालापर्यंत आपल्या देशातल्या विवाह कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. कायद्यातून ते कलम गेले, मनातून गेले का?

तिसरा आरोप दान करणाऱ्यांवर. जयंतीला, पुण्यतिथीला चपलांचे वाटप होते. एकाच मापाचा गठ्ठा येतो, हार घातले जातात, फोटो निघतात. ज्याला बसेल त्याला बसेल. असले दान घेणाऱ्याच्या पायाशी बेइमानी करते. माप न घेता दिलेली चप्पल बधिर पायाला धोंड्यासारखी घातक ठरू शकते, हे देणाऱ्याला माहीत नसते, कारण त्याला पाय पाहायचाच नसतो. त्याला फक्त देताना दिसायचे असते.

आणि चौथा आरोप समाधान मानणाऱ्यांवर. 2005च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले आणि रोग गेला अशी आपण मनाची समजूत घालून घेतली. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजूनही भारतात सापडतात. शिवाय जे बरे झाले त्यांचे पाय बरे झाले नाहीत. बधिरपणा जन्मभर राहतो आणि त्याला जन्मभर नीट मापाची चप्पल लागते. जिल्ह्याचा आकडा खाली आला तरी त्यांच्या तळव्यांना संवेदना परत येत नाही.

ज्यांना वाटते की हा आपला प्रश्न नाही, त्यांनी घरातल्या मधुमेही आई-वडिलांचे तळवे पाहावेत. मधुमेहानेही पाय बधिर होतात, तशाच जखमा होतात आणि त्याच वाटेने पाय कापण्याची वेळ येते. ज्या ज्ञानाने दत्तपूरच्या माणसाचा पाय वाचतो त्याच ज्ञानाने रामनगरच्या बंगल्यातल्या आजोबांचा वाचेल. ज्याला आपण वाळीत टाकले, त्याच्या जखमांमधून हे शहाणपण आले आहे. निदान त्या ऋणापोटी तरी आपण त्याच्याकडे सरळ पाहायला शिकले पाहिजे.

करायचे काय, हे अवघड नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात वजनकाट्याशेजारी पाय मोजण्याची पट्टी असावी आणि लांबीबरोबर चवड्याची रुंदी कार्डावर लिहावी. चपला वाटणाऱ्या मंडळांनी आधी माप घ्यावे आणि वाटल्यानंतर महिन्याने पाय पाहायला पुन्हा जावे, नाहीतर वाटूच नये. एमसीआरचा तळ चारचौघांच्या चपलेसारख्या दिसणाऱ्या, रंगीत, नीटस वहाणेत बसवावा, म्हणजे चप्पल माणसाची चुगली करणार नाही. हे काम करणाऱ्या कारागिराला तज्ज्ञाचा मान आणि तज्ज्ञाचा मेहनताना मिळावा. देवस्थानांनी बधिर पायाच्या माणसाला पायताणासह आत येऊ द्यावे. जो देव भक्ताचा पाय जळू देऊन सोवळे सांभाळतो असे आपण मानतो, तो आपण आपल्यासारखाच घडवलेला आहे. आणि घरोघरी रोज संध्याकाळी कोणीतरी त्या माणसाचे तळवे पाण्यात भिजवावेत, घासून तेल लावावे, बोटांच्या फटी नीट पाहाव्यात. ते काम त्याच्या बायकोवर ढकलून मोकळे होऊ नये. बाईचा पाय बधिर असेल तर तिचा नवरा आणि मुलगा यांनी खाली बसावे.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ती गुडघे टेकून बसण्याची तयारी. पाया पडायला आपण रोज वाकतो, तेवढेच वाकून पाय मोजायचा आहे. ते ज्या दिवशी आपण करू लागू, त्याच दिवशी सेवाग्रामचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला येईल. तोवर तो आपल्याकडे नाही.