रक्ताची नोंदवही

शोषितांकडूनच दुसऱ्या शोषितांवर अन्याय होतो, तेव्हा समतावादी माणसेही अवघडतात. अमेरिकेतील चेरोकी जमातीच्या नागरिकत्वाचा वाद हा असाच प्रश्न आहे. ज्या जमातीला 1838-39 साली संगिनींच्या धाकाने मायभूमीतून हुसकून मिसिसिपी नदीपलीकडे नेण्यात आले व जिची हजारो माणसे त्यात मेली, तिने आपले कोणाला म्हणावे हे वॉशिंग्टनने सांगू नये, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु त्याच वाटेने चेरोकी धनिकांचे काळे गुलामही चालत होते. 1835 च्या गणतीत त्यांची संख्या 1592 होती. मालकांची भूमी गेली. गुलामाचा मालक मात्र कायम राहिला.

यादवी युद्धात जमातीने 1861 साली गुलामगिरीवाल्या दक्षिणेशी करार केला. युद्धानंतर 1866 चा तह झाला आणि मुक्त झालेल्या गुलामांना व त्यांच्या वंशजांना मूळ चेरोकींचे सर्व हक्क द्यावयाचे ठरले. (काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन जनतेला महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती यानंतर सातच वर्षांनी, 1873 मध्ये.) तेव्हा जमातीची जमीन सामाईक होती. म्हणून नागरिकत्व म्हणजे केवळ मत नव्हे, तर कसण्यासाठी जमीन होती.

ही सामाईक मालकी मोडून जमिनीची माणशी वाटणी करण्यासाठी सरकारने 1893 साली डॉझ आयोग नेमला. वाटणीला याद्या हव्यात. आयोगाच्या कारकुनांनी त्या वेगवेगळ्या केल्या; त्यांतल्या दोन अशा : 'रक्ताने चेरोकी' आणि 'मुक्त गुलाम'. पहिल्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे रक्ताचा अंश लिहिला. दुसरीत ज्यांची आजी चेरोकी होती त्यांच्यापुढेही काही लिहिले नाही. जमिनी लुबाडण्यासाठी गोऱ्यांनी रचलेली ही नोंदवही पुढे जमातीच्या पुढाऱ्यांनी शास्त्रवचनासारखी प्रमाण मानली, ही या प्रकरणातील सर्वांत विषण्ण करणारी गोष्ट होय. 1983 च्या निवडणुकीत मुक्त गुलामांच्या वंशजांना मतदान केंद्रावरून परत पाठवण्यात आले. 2007 च्या सार्वमतात सुमारे तीन चतुर्थांश मतांनी जवळपास 2800 जणांचे नागरिकत्व रद्द झाले.

पण त्याच सार्वमताने डेलावेर आणि शॉनी लोकांच्या वंशजांना हात लावला नाही. तेही चेरोकी रक्ताचे नव्हते, कराराने जमातीत आले होते. मग एक करार पवित्र आणि दुसरा लादलेला, हे कोणत्या न्यायाने? चेरोकींचे अमेरिकेवरील दावे तरी कशावर उभे आहेत? तहांवरच. आपल्या सोयीची कलमे तेवढी पाळू म्हणणाऱ्याला, बलाढ्य सरकारने सारेच तह गुंडाळले तर बोलायला तोंड उरत नाही. स्वायत्ततेचा कैवार घेणाऱ्यांनी ही गोष्ट प्रथम ओळखावयास हवी होती.

2017 साली अमेरिकेच्या जिल्हा न्यायालयाने 1866 च्या तहाचा अर्थ वंशजांच्या बाजूने लावला. जमातीने अपील केले नाही. इतकेच नव्हे, तर 2021 साली तिच्याच सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेतून 'रक्ताने' हा शब्द काढून टाकला. शेजारच्या क्रीक जमातीने मुक्त गुलामांच्या वंशजांना 1979 च्या घटनेने वगळले होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये, आपल्या 1866 च्या तहाचा आधार घेऊन, त्यांना नागरिकत्व देण्याचा आदेश दिला.