गुबगुबीत अक्षर

आमच्या थोरल्या वहिनींचें वर्षश्राद्ध गेल्या महिन्यांत झालें. आप्तेष्टांस कळविण्यासाठीं एक लहानशी पत्रिका काढावयाची होती. आणि अक्षराचा विषय निघाला कीं तो आमच्याकडे यावयाचा, हा घरांतला जुना रिवाज. पत्रिका ज्यांच्या हातीं पडावयाची त्यांतले पुष्कळ जण सत्तरीपलीकडचे, दृष्टि मंद झालेले. म्हणून संगणकावर मजकूर जुळविणाऱ्या नातवास आम्हीं सांगितलें, "चांगलें जाड अक्षर घे, म्हाताऱ्यांना चष्म्यावांचून वाचतां आलें पाहिजे." त्यानें आज्ञा तंतोतंत पाळली. पन्नास प्रती छापून आल्या. पहिली प्रत दादांच्या हातीं दिली. त्यांनीं ती जवळ नेली, दूर धरली, आणि विचारलें, "हें कोणाच्या बारशाचें निमंत्रण?"

वाचकहो, मुलांचीं अक्षरें सुधारण्यांत ज्याचा जन्म गेला त्या मास्तरास याहून मोठी शिक्षा कोणती? दोष नातवाचा नव्हता. जाड म्हणजे सुवाच्य, असें आम्हीच धरून चाललों होतों. त्या प्रतींची थप्पी कपाटांत ठेवून आम्ही नातवापुढें विद्यार्थी होऊन बसलों. त्यानें सांगितलें कीं, या लठ्ठ, हंसऱ्या अक्षरांच्या कुळांत रोमन लिपींतील 'कूपर ब्लॅक' हा एक नामांकित पूर्वज आहे. मग त्याची कुळकथा आम्हीं जाणून घेतली.

अमेरिकेंत शिकागो शहरीं ऑस्वाल्ड कूपर नांवाचा एक अक्षरकार होऊन गेला. त्यानें रेखाटलेला हा टाइप १९२२ सालीं तेथील बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या कंपनीनें बाजारांत आणला, आणि जाहिरातदारांची त्यावर उडी पडली. कूपरचे गुरु फ्रेडरिक गाउडी हे स्वतः थोर अक्षरकार. शिष्याच्या टाइपाचा खप पाहून दुसऱ्या एका कंपनीनें १९२५ सालीं खुद्द गुरूकडूनच तसलें जाड अक्षर करून घेतलें. परंतु आज लोकांच्या ओळखीचें आहे तें शिष्याचेंच. आम्हां मास्तरांस यांत खेद वाटण्याचें कारण नाहीं.

रोमन अक्षरांच्या टोकांना एरवीं बारीक, अणकुचीदार पाय असतात. येथें ते लोण्यासारखे वितळून गोल झालेले. रेघ भक्कम, कोपरा कोठेंच नाहीं. 'ओ' या अक्षराच्या पोटांतली पोकळी लहानशी आणि किंचित मागें कललेली. त्यामुळें जेवण करून तक्क्याला रेललेल्या सुखवस्तु गृहस्थासारखें तें अक्षर दिसतें. ओळीखालीं लोंबणारीं शेपटें आंखूड, म्हणून ओळी एकमेकींस भिडवून बसवितां येतात.

असें अक्षर मोठ्या आकारांत, चार-दोन शब्दांपुरतें आणि प्रसन्न प्रसंगीं वापरावें. १९६६ सालीं 'बीच बॉईज' या अमेरिकन गायकमंडळाच्या 'पेट साउंड्स' या तबकडीच्या वेष्टनावर, बकऱ्यांना खाऊ घालणाऱ्या तरुणांच्या चित्राशेजारीं, तें शोभून दिसलें. १९७० नंतरच्या दशकांत सदऱ्यांवर इस्त्रीनें उमटवावयाच्या अक्षरांत तें आलें. १९९५ सालीं निघालेल्या 'ईझीजेट' या स्वस्त विमानकंपनीनें नारिंगी रंगाबरोबर याच वळणाशीं आपलें नांव जोडलें. त्या जुन्या दशकांचा गंध त्याला असा चिकटला आहे कीं, पाहतांच मन मागें जातें. पण याच अक्षरांत पानभर मजकूर जुळविला, तर डोळा दहाव्या ओळीस थकतो. कारण अक्षर वाचलें जातें तें शाईनें जितकें, तितकेंच शाईमधल्या मोकळ्या जागेनें.

आमच्या देवनागरींत ही अडचण दुप्पट होते. वर शिरोरेषा, तिच्याहि वर वेलांटी-मात्रा, खालीं उकार, आणि मध्यें जोडाक्षरें. रेघ फुगली कीं पोकळी बुजलीच. 'वर्षश्राद्ध' हाच शब्द पाहा. आधीं रफार, मग 'श्रा', शेवटीं 'द्ध'. आमच्या पत्रिकेंत त्यांचे तीन काळे गोळे झाले होते. दादांनीं शब्द वाचलाच नाहीं. अक्षराच्या चेहऱ्यावरून प्रसंग ओळखला. तरीहि हें काम अशक्य नव्हे. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचा 'मोदक' नांवाचा टाइप पाहावा. अक्षरें तुडुंब भरलेलीं, पोकळीच्या जागीं केवळ बारीक चिरा. तरी मोठ्या आकारांत दोन शब्द झकास उठतात. त्याचें नांवच सांगतें कीं, तो सणाच्या ताटांतला आहे.

अकराव्या शतकांत काश्मीरच्या क्षेमेंद्रानें 'औचित्यविचारचर्चा' लिहिली. दागिना मोलाचा असला तरी भलत्या अंगावर चढविला कीं हंसेंच होतें, हें त्याचें म्हणणें आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें. तें कळलें मात्र दादांच्या एका प्रश्नानें. घरोघरच्या तरुण जुळाऱ्यांस आमचें सांगणें एवढेंच: गुबगुबीत अक्षर बारशाला, वाढदिवसाला, मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाला आणि मिठाईच्या डब्याला द्यावें, तेथेंहि शीर्षकापुरतें. तिथि, वेळ, पत्ता साध्या वळणांत असावा. आणि वृद्धांची सोय पाहावयाची तर अक्षराची जाडी न वाढवितां आकार वाढवावा, दोन ओळींत जागा सोडावी.

पत्रिका आम्हीं पुन्हां छापून घेतली. साधें, सरळ अक्षर, पहिल्याच्या दीडपट. दादांनीं ती खिडकीशीं नेऊन शेवटपर्यंत वाचली, आणि वहिनींच्या नांवावर बोट ठेवून कांहीं वेळ तसेच बसून राहिले.

पुढल्या महिन्यांत दादांच्या पणतीचें बारसें आहे. त्या पत्रिकेवर 'बारसें' हा एक शब्द मात्र गुबगुबीत अक्षरांतच हवा, असें त्यांनीं नातवास स्वतः बोलावून बजाविलें आहे.