गुरुत्वाकर्षणाचा नियमही तपासलाच पाहिजे

विश्वाच्या प्रसरणाचा वेग मंदावत नसून वाढतो आहे, हे १९९८मध्ये दूरवरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले. गुरुत्वाकर्षण तर ओढते. मग हा वेग वाढवते कोण? त्या अज्ञाताला ‘कृष्ण ऊर्जा’ हे नाव मिळाले आणि विश्वातील सुमारे ६८ टक्के ऊर्जा तिच्या खात्यावर मांडली गेली. ती नेमकी काय आहे, हे मात्र आजही कळलेले नाही. म्हणूनच अफाट अंतरांवर आइन्स्टाइनचा सिद्धांतच अपुरा पडतो का, हेही तितक्याच गांभीर्याने तपासायला हवे. इतिहासात दोन्ही वाटा खऱ्या ठरल्या आहेत. युरेनसची कक्षा गणिताशी जुळेना, तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएने न दिसलेल्या ग्रहाची जागा सांगितली आणि १८४६मध्ये नेपच्यून सापडला. बुधाची कक्षा जुळेना, तेव्हाही त्याने सूर्याजवळ अज्ञात वस्तुमान कल्पिले. ते कधीच सापडले नाही. तिथे न्यूटनचा नियमच बदलावा लागला आणि ते काम १९१५मध्ये आइन्स्टाइनने केले.

आइन्स्टाइनच्या समीकरणांतील विश्वस्थिरांक या एकाच संख्येने बहुतेक निरीक्षणे जुळतात, मग नवे सिद्धांत कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. पण हा स्थिरांक म्हणजे निर्वात पोकळीची ऊर्जा मानली, तर क्वांटम सिद्धांताच्या ढोबळ अंदाजाने ती प्रत्यक्षापेक्षा एकावर १२० शून्ये इतक्या पटींनी जास्त निघते. संख्या जुळली म्हणजे कारण कळले, असे होत नाही. दुसरा आक्षेप असा, की सुधारित सिद्धांत कुणीही हवे तसे रचील. त्याला निसर्गानेच उत्तर दिले आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे कापून अवघ्या १.७ सेकंदांच्या फरकाने पृथ्वीवर पोहोचले. लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा मानणारे अनेक सिद्धांत त्या एका नोंदीने बाद झाले. उरलेल्यांची परीक्षा चालू आहे. निरीक्षणाने खोटे ठरू शकतात, म्हणूनच या कल्पना विज्ञानाच्या कक्षेत बसतात.

अशा कसोट्या वाढायला हव्यात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये मंजुरी दिली. तो सुरू झाला की अशा लहरींचा उगम आकाशात अधिक अचूकपणे शोधता येईल आणि दुर्बिणी वेळेत तिकडे वळवता येतील. सरकारने त्याच्या निधीत आणि वेळापत्रकात कुचराई करू नये.