मोरीचे पाणी आणि समरसता

छत्रपती संभाजीनगर–जालना मार्गावरील करमाड आता निव्वळ खेडे राहिलेले नाही. शेजारी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे. ‘ऑरिक’ या नियोजित नगरीच्या आराखड्यातच भूमिगत मलवाहिन्या आणि सांडपाणी प्रक्रियेची सोय आहे. कुंपणाबाहेरच्या गावांना मात्र आपली सोय आपणच पाहावी लागते.

२०१९ मध्ये घोषित झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. म्हणजे पाच माणसांच्या घरातून रोज सुमारे २२० लिटर! नळाचे उद्घाटन थाटात होते. मोरीचा विचार कोणी करायचा?

हे पाणी उताराने वाहते आणि गावाचा उतार बहुधा दुर्बलांच्या वस्तीकडे असतो. वरच्या आळीची स्वच्छता खालच्या वस्तीच्या दारात दुर्गंधी आणि डास होऊन उभी राहते. समरसतेचा उच्चार करणाऱ्या प्रत्येकाने प्रथम आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते, हे पाहिले पाहिजे.

उपाय मराठवाड्यातच आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन डासांना हद्दपार केले. सुमारे चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात वरच्या भागाला छिद्रे असलेली टाकी आणि भोवती दगड. गाळ टाकीत बसतो, पाणी जमिनीत मुरते. पथ्ये मात्र पाळावीत. शौचालयाचे पाणी त्यात सोडू नये, पिण्याच्या विहिरीपासून तो दूर असावा, गाळ वेळोवेळी काढावा. काळ्या चिकण जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. तेथे परसबाग किंवा गावाचे सामूहिक स्थिरीकरण तळे हाच मार्ग.

साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोत घरांचे सांडपाणी झाकलेल्या गटारांतून जात असे. त्या वारशाचा केवळ अभिमान पुरेसा नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मराठवाड्याला वापरलेले पाणीही रस्त्यावर सोडणे परवडणारे नाही. ग्रामसभेत ठराव व्हावाच; पण पहिली कुदळ कार्यकर्त्याच्या अंगणात पडावी.