आजोबांच्या खिशातली गोळी

परवा भाचा जर्मनीहून आला. बॅगेतून नेहमीप्रमाणे खाऊ निघाला, आणि त्यात सोनेरी कागदातल्या ‘वर्थर्स ओरिजिनल’ची एक पिशवी. लोणी, क्रीम आणि खरपूस साखरेची ही गोळी मला मनापासून आवडते. तेव्हा चवीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या आजोबांबद्दल!

नव्वदच्या दशकात आम्ही काही वर्षं अमेरिकेत होतो. तिथे टीव्हीवर तिची जाहिरात लागायची. पांढऱ्या केसांचे एक आजोबा नातवाला गोळी देतात आणि सांगतात की ते चार वर्षांचे असताना त्यांच्या आजोबांनी त्यांनाही अशीच पहिली गोळी दिली होती. घरापासून इतक्या लांब ते बघताना माझे डोळे हमखास भरून यायचे.

आता जरा हिशेब करू या. ऑगस्ट श्टोर्क यांनी जर्मनीतल्या वर्थर या गावी गोळ्यांचा कारखाना काढला तो १९०३ मध्ये. पण ही गोळी गावाचं नाव लावून बाजारात आली थेट १९६९ मध्ये. म्हणजे जाहिरातीतले आजोबा साठीचे धरले, तर ते चार वर्षांचे असताना या नावाची गोळीच नव्हती! तेव्हा तिचं जर्मन नाव होतं ‘वर्थर्स एश्टे’. एश्टे म्हणजे अस्सल. ‘ओरिजिनल’ हे नाव त्याच्याही नंतरचं. कृती १९०९ सालची, गुस्टाव नेबेल नावाच्या कारागिराची, असं कंपनी सांगते. असेलही. पण जाहिरात कृती विकत नव्हतीच, ती आजोबा विकत होती.

“जाहिरातच ती, एवढं काय मनावर घ्यायचं?” असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते... आत्याचा फोन येईपर्यंत.

झालं असं, की ती गोळी खाता खाता मी लेकीला सांगितलं, “माझे आजोबा कोटाच्या खिशातून मला रावळगावची गोळी काढून द्यायचे.” लेकीने ते आत्याला सांगितलं. आत्या खो खो हसली. “अगं, अण्णांनी जन्मात कोट घातला नाही! गोळ्या बिळ्या त्यांना आवडायच्याही नाहीत. आई द्यायची तुला. पुडी तांदळाच्या डब्यात लपवलेली असायची.”

आणि एकदम आठवलं. तांदळात खुपसलेला आजीचा हात, गोळीच्या कागदाला चिकटलेली पांढरी भुकटी...

म्हणजे एका परक्या जाहिरातीतल्या आजोबांनी माझ्या आजीला माझ्याच आठवणीतून उठवून स्वतः तिथे बसकण मारली होती. मला पत्ताही नाही! माझा राग आहे तो यावर. आठवणी विकायला हरकत नाही, पण त्या आपल्या आठवणींची जागा घेतात, ती परत कोण देणार?

रावळगावचं बघा. मालेगावजवळचा वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना १९३३ चा, गोळ्या १९४२ पासूनच्या. आमच्या घरी तर गोळीला ‘रावळगाव’च म्हणत. तिथे आजोबा उसने आणायची गरजच नव्हती. २०२४ मध्ये तो ब्रँड, कृतींसकट, रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटींना घेतला. उद्या त्याचीही हळवी जाहिरात येईल. येऊ दे. फक्त ती बघण्याआधी मला माझी आजी नीट लिहून ठेवायची आहे.

आत्या, काका, दादा... वाचत असाल तर सांगा. तुम्हाला गोळी कोण द्यायचं? नीट आठवून सांगा हं. कोट दिसला, तर जरा संशय घ्या! :)